हृदयविकार असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांनाही घर मिळावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आश्रयगृहांतले प्राणी दत्तक घ्या, असे आवाहन वर्तमानपत्रांतून अधूनमधून केले जाते. त्याबद्दल मनापासून आनंद वाटतो. पण सोबतच्या फोटोत बहुतेक वेळा पिल्लेच असतात. तोंडावरचे केस पिकलेला, डोळ्यांत निळसर झाक उतरलेला कुत्रा मागच्या पिंजऱ्यातच राहतो, आणि त्याच्या कागदावर 'हृदयात मर्मर' असे लिहिलेले असेल तर त्याला न्यायला सहसा कुणी पुढे येत नाही. आज ना उद्या जाणारच, मग जीव कशाला लावायचा, असे लोक म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही.

आमच्या घरी अशीच एक म्हातारी आहे, ठकी. तिचे वय कुणालाच ठाऊक नाही. दातांची झीज आणि डोळ्यांची भिंगे पाहून डॉक्टरांनी 'दहाच्या पुढची असावी' एवढा अंदाज सांगितला. तिची मर्मर पहिल्याच तपासणीत स्टेथोस्कोपला ऐकू आली.

मर्मर म्हणजे हृदयातून वाहणाऱ्या रक्ताचा जादा आवाज. लहान चणीच्या वयस्कर कुत्र्यांमध्ये त्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप वयानुसार जाड व वेडीवाकडी होणे. झडप नीट मिटत नाही, प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त मागे फिरते, आणि ते सामावून घेता घेता हृदय हळूहळू मोठे होते. डोबरमनसारख्या मोठ्या जातींत झडपेपेक्षा हृदयाचा स्नायूच दुबळा होण्याचा विकार अधिक दिसतो. पूर्वायुष्य माहीत नसलेल्या कुत्र्याच्या बाबतीत आणखी एक तपासणी टाळू नये. डासांमार्फत पसरणारे हृदयकृमी रक्ताच्या चाचणीत कळतात, आणि त्यांचा उपचार पूर्णपणे वेगळा असतो.

दत्तक घेऊ पाहणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. झडपेचा आजार असलेली कितीतरी कुत्री वर्षानुवर्षे कसलेही लक्षण न दाखवता जगतात, आणि काहींना तर आयुष्यभर औषधाची गरज पडत नाही. हृदय मोठे झाले आहे का, हे छातीच्या एक्स-रेवरून आणि इकोवरून, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवरून समजते. ते मोठे झाले असेल, पण धाप अजून सुरू झाली नसेल, तर पिमोबेंडान हे औषध उपयोगी पडते. ते हृदयाच्या आकुंचनाला बळ देते आणि रक्तवाहिन्या सैल करते. ३६० कुत्र्यांवरचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या टप्प्यावर औषध सुरू केलेल्या कुत्र्यांमध्ये हृदय निकामी होण्याची वेळ सरासरी सुमारे १५ महिने पुढे गेली. म्हाताऱ्या कुत्र्याच्या आयुष्यात १५ महिने हा फार मोठा काळ असतो.

घरच्या माणसाचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे झोपेतले श्वास मोजणे. त्याला उपकरण लागत नाही. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती वर गेली आणि खाली आली की एक श्वास. असे मिनिटभर मोजायचे आणि वहीत तारखेसह लिहायचे. स्वप्नात पाय हलत असतील किंवा उन्हाने धापा टाकत असेल तेव्हाचा आकडा धरायचा नाही. आकडा बहुधा ३० च्या आत असतो, पण आपल्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा कोणता हे ओळखून ठेवावे, कारण तो चढू लागला की फुफ्फुसांत पाणी साठू लागल्याचे अनेकदा खोकला किंवा थकवा दिसण्याआधीच लक्षात येते. पुन्हा मोजूनही ३० च्या वरच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. कुत्रा मान लांब करून, कोपरे बाहेर फाकवून श्वास घेत असेल, आडवा व्हायलाच तयार नसेल किंवा हिरड्या निळसर-करड्या दिसत असतील, तर मोजत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

पाणी साठू लागले की फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी सुरू होते. कुत्रा खूप पाणी पितो आणि घरात लघवी करतो, आणि इथेच अनेक घरे कंटाळतात. काही जण तर रात्री पाण्याचे भांडे उचलून ठेवतात. कृपा करून असे कधीही करू नका. गोळीने शरीरातले पाणी बाहेर पडत असताना प्यायचे पाणी तोडले तर मूत्रपिंडांवर घाला येतो. लघवी पुसता येते, रात्री एकदा जास्त बाहेर नेता येते. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर मूत्रपिंड आणि पोटॅशियमची रक्ततपासणीही ठरल्या दिवशी करून घ्यावी. सांधे दुखतात म्हणून माणसांची वेदनाशामक गोळी तर मनानेच मुळीच देऊ नये.

बाकीची काळजी साध्या सवयींची आहे. पिमोबेंडान शक्यतो जेवणाच्या तासभर आधी, रिकाम्या पोटी, सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीला बसणारा हार्नेस, कारण मानेवर ताण आला की खोकला उसळतो. फिरताना वेग कुत्र्याने ठरवायचा, थांबला की आपणही थांबायचे. गोळी खारट खाऊत लपवून देऊ नये. मात्र मीठ तोडण्याच्या नादात त्याची भूक मारू नये. या आजारात पाठीवरचे, मांड्यांवरचे मांस झडते, तेव्हा पोटभर जेवणे हाही उपचारच आहे. आणि कधी अचानक कोसळला तर जमल्यास मोबाइलवर चित्रण करावे. हृदयामुळे आलेली मूर्च्छा की फिट, हे ठरवायला डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

शेवटचा दिवस येतो, हे खरे आहे. औषधे वाढवूनही श्वास निवळत नाही, झोप लागत नाही, खाणे सुटते, तेव्हा काय करायचे हे डॉक्टरांशी आधीच, शांतपणे बोलून ठेवावे. आपल्याला सोडवत नाही म्हणून त्याला गुदमरत ठेवणे मला योग्य वाटत नाही. पण त्या दिवसाच्या भीतीने त्याआधीचे सगळे दिवस पिंजऱ्यात काढायला लावणे त्याहून वाईट. ठकी रोज सकाळी पलंगाशी येऊन नाकाने हात वर ढकलते, उन्हाचा तुकडा शोधून त्यात लोळते, जेवणाची वेळ चुकली तर भुंकून घर डोक्यावर घेते. ती मरणाची वाट पाहत नाही, ती जगते आहे.

आश्रयगृहांना माझी विनंती आहे की अशा कुत्र्याची माहिती लपवू नका आणि मोघमही लिहू नका. मर्मरीची प्रत एक ते सहामधली कितवी, एक्स-रे किंवा इको झाला का, कोणते औषध किती मात्रेत आणि किती वाजता, झोपेतल्या श्वासांचा आकडा किती, एवढे एका कागदावर लिहून द्या. घेणारा घाबरतो तो अर्धवट माहितीने. कायमची जबाबदारी झेपणार नाही असे ज्यांना वाटते त्यांना काही महिने सांभाळ करण्याचा पर्याय द्या, आणि त्या काळात औषधांचा भार संस्थेने उचलावा. पशुवैद्यांनी पहिल्या भेटीतच श्वास मोजायला शिकवावे. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

आणि आपल्याला विनंती अशी की पुढच्या वेळी दत्तक शिबिराची बातमी छापाल तेव्हा पिल्लांच्या शेजारी एका पिकल्या तोंडाच्या कुत्र्याचाही फोटो द्यावा, आणि त्याला कोणता आजार आहे व कोणते औषध चालू आहे, हे खाली स्पष्ट लिहावे.

आपली,
एक नियमित वाचक