विमा सॉफ्टवेअरची खरी परीक्षा पॉलिसी विकल्यानंतर

महोदय,
अनेक देशांत पसरलेल्या विमा कंपन्यांत सॉफ्टवेअरची चाचणी बहुधा नव्या पॉलिसीवरच भर देते. चुका निघतात त्या पुढे. मुदतीच्या मध्येच विमा रक्कम बदलली, की दिवसांच्या प्रमाणात प्रीमियम काढताना लीप वर्ष, चलनाचे पूर्णांकन आणि त्या देशाचा कर यांत फरक पडतो. म्हणून सॉफ्टवेअरमधील प्रत्येक बदलानंतर जुन्या पॉलिसींचा ठरावीक संच, नावे-पत्ते झाकून, सॉफ्टवेअरच्या जुन्या व नव्या अशा दोन्ही आवृत्त्यांवर चालवावा. प्रत्येक फरकाचे कारण विमागणितज्ञाने लेखी दिल्याशिवाय मंजुरी नको. आणि मंजुरी देणारा कोड लिहिणाऱ्या गटातला नसावा. युरोपीय संघात १७ जानेवारी २०२५ पासून लागू असलेल्या ‘डोरा’ या, वित्तीय संस्थांच्या संगणक यंत्रणा सुरक्षित व सुरळीत ठेवण्याविषयीच्या नियमांनुसार बाहेरून घेतलेल्या संगणक सेवेची जबाबदारीही विमा कंपनीचीच. पुरवठादाराचा चाचणी अहवाल नुसता फाइलला लावणे धोक्याचे आहे.

– एक विमा-सॉफ्टवेअर परीक्षक