रामकुंडावर कॅमेरा जरा जपून

संपादक महोदय,
नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा जवळ आलाय म्हणून लिहितेय. २०१५ च्या सिंहस्थात आईला घेऊन रामकुंडावर गेले होते, डुबकी मारून ती वर आली, ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं आणि समोरच्या पायरीवर एकजण मोठी लेन्स तिच्यावर रोखून बसलेला, ती पाठ फिरवून पदरच सावरत राहिली, अर्घ्य द्यायचं राहून गेलं. आखाड्यांची निशाणं, मिरवणूक, गोदेतले दिवे काढा ना खुशाल, किती सुंदर असतात! पण अंघोळ करणाऱ्या बायका नकोत. प्रयागराजला २०२५ च्या कुंभमेळ्यात काहींनी असले व्हिडिओ नेटवर टाकले, पोलिसांनी गुन्हे नोंदवले, पण तोवर ते पसरलेले. इथे आधीच घाटावर महिला पोलीस आणि कपडे बदलायला नीट आडोसा ठेवा.
– एक नाशिककर, पंचवटी