शोध निकालांसाठी लिहिलेल्या शीर्षक-वर्णनांच्या सदोष कामाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ४२ पानांची शीर्षके व वर्णने नव्याने लिहून मिळण्याबाबत

महोदय,

जुन्या पुस्तकांची बांधणी आणि दुरुस्ती यांविषयी माहिती देणाऱ्या माझ्या वेबसाइटवरील ४२ पानांची शीर्षके व वर्णने लिहिण्याचे काम मी आपल्या कंपनीकडे सोपवले होते. ते पूर्ण झाल्याचे आपण कळवले आहे. तथापि मी प्रत्येक पान स्वतः तपासले असून हे काम मला मान्य नाही.

४२ पैकी ३१ पानांना आपण एकच शीर्षक दिले आहे : ‘पुस्तक दुरुस्ती, पुस्तक बांधणी, उत्तम पुस्तक दुरुस्ती’. वाळवीने पोखरलेले पुस्तक कसे वाचवावे हे शोधणाऱ्याला आणि सुटी झालेली पाने शिवू पाहणाऱ्याला सर्च इंजिनमध्ये सारखीच ओळ दिसते, आणि आपल्या उपयोगाचे पान कोणते हे दोघांनाही कळत नाही. माझ्या मते शीर्षकाचे पहिले काम हेच सांगण्याचे आहे.

उरलेली ११ शीर्षके माझ्याच मजकुरातून घेतली आहेत, पण ती मध्येच तोडली आहेत. एक शीर्षक आता ‘वाळवी लागलेल्या पुस्तकांची घरच्या घरी काळजी व त्यांची दुरुस्’ असे दिसते. विचारणा केल्यावर ‘६० अक्षरांची मर्यादा’ असे उत्तर मिळाले. गूगलने शीर्षकाच्या लांबीला अशी मर्यादा घातलेली नाही. निकालात जागा अपुरी पडली तर ते शीर्षक तिथे दाखवण्यापुरते कापले जाते. शिवाय आपले सॉफ्टवेअर काना, मात्रा, उकार, वेलांटी आणि हलन्त यांना वेगवेगळे अक्षर मोजते, त्यामुळे ‘दुरुस्ती’ या तीन अक्षरी शब्दाची त्याच्या लेखी आठ अक्षरे होतात. वरील पूर्ण शीर्षक वाचणाऱ्याच्या दृष्टीने अवघ्या २५ अक्षरांचे आहे. मराठी मजकुराचे काम स्वीकारणाऱ्या कंपनीला हे ठाऊक नसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वर्णनांची स्थितीही समाधानकारक नाही. ‘दर्जेदार माहिती, विश्वासार्ह मार्गदर्शन’ हे वाक्य सर्वत्र आहे, पण पानावर काय आहे याचा त्यात उल्लेख नाही. वर्णनामुळे शोध निकालांतील क्रमवारी वाढत नाही, ते वाचून माणूस पान उघडतो. आणि ते उपयोगाचे नसले तर सर्च इंजिन पानातला दुसराच मजकूर उचलते. निकालांत माझ्या काही पानांच्या शीर्षकाखाली सध्या पानाच्या तळाशी असलेली कॉपीराइट हक्कांची ओळ दिसते, ती त्यामुळेच.

कीवर्ड टॅगसाठी, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेल्या शोधशब्दांच्या यादीसाठी, आपण स्वतंत्र शुल्क आकारले आहे. क्रमवारीसाठी हा टॅग वापरत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले होते, आणि माझ्याशी बोलताना आपल्या प्रतिनिधींनी केवळ गूगलचेच नाव घेतले होते. म्हणून ते शुल्क मला परत मिळावे.

सर्व ४२ पाने प्रत्यक्ष वाचून प्रत्येकाचे वेगळे व पूर्ण शीर्षक आणि त्या पानाचा आशय सांगणारे एक-दोन वाक्यांचे वर्णन १५ दिवसांच्या आत लिहून द्यावे. वेबसाइटवर चढवण्यापूर्वी मसुदा मला दाखवावा. हे शक्य नसल्यास तसे लेखी कळवून संपूर्ण रक्कम परत करावी.

आपली विश्वासू,
वेबसाइटची मालक