जुन्या बोटीच्या कागदपत्रांसाठी गावातच सोय हवी

महोदय,

बैलबाजारात बैल घेतला तर पावती मिळते, जुनी मोटारसायकल घेतली तर आरसी नावावर होते. उकाई धरणाच्या फुगवट्यावर, आमच्या नवापूर तालुक्याच्या बाजूला, जुनी बोट मात्र वहीच्या पानावर अंगठा देऊन विकली जाते. गेल्या वर्षी मीही तशीच घेतली. नंतर इंजिन नंबर पाहायला गेलो, तर पट्टीवरचे शेवटचे तीन आकडे गंजाने खाल्लेले. विकणाऱ्याकडे मूळ बिल नव्हते. नोंदणीसाठी तीनदा हेलपाटा झाला, दर वेळी नवा कागद मागितला.

2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार यांत्रिक बोटीची नोंदणी सक्तीची आहे. वल्ह्याच्या, बिनइंजिनाच्या बोटींची नोंद स्थानिक पातळीवर, अगदी गावपातळीवरही करण्याची तरतूद त्यात आहे. हे आमच्या पाड्यांवर कोणी सांगितलेच नाही!

कराचेही तसेच. विकणारा जीएसटी नोंदणीत नसेल तर त्याला जुन्या बोटीवर जीएसटी घेता येत नाही. तरी मधले लोक कराच्या नावाने पैसे उकळतात. करारासाठी आता 100 ऐवजी 500 रुपयांचा स्टॅम्प पेपर लागतो, तो खर्च वेगळाच.

बोट बुडाली आणि मालकीचा कागद नसेल, तर भरपाई कोणत्या तोंडाने मागायची? पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीत नोंदणीचे शिबिर भरवावे, इंजिन नंबर जागेवरच तपासून द्यावा, ही कळकळीची विनंती.

— एक मच्छीमार, ता. नवापूर, जि. नंदुरबार