विनूस, झेरमाटला निघण्याआधी

फोंडा, गोवा
18 जानेवारी

प्रिय विनू,

तुझा फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्यांपुढे बर्फच होता. फेब्रुवारीत तू खरोखर स्वित्झर्लंडला, झेरमाटला चाललास! तीन हिवाळे गुलमर्गला पडत-उठत स्की शिकलास, त्याचे चीज झाले. "सगळ्यात चांगले उतार कोणते?" असे विचारलेस, पण ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखे नव्हते. आजोबांच्या कागदपत्रांवर पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला, त्यानंतरचे दोन हिवाळे मी त्या गावातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काढले. माझ्यासोबत भांडी घासणारे, खोल्या आवरणारे बहुतेक पोर्तुगीज बोलणारे. सुट्टीच्या दिवशी कुठे जायचे हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

नकाशावर निळा सोपा, लाल मध्यम, काळा कठीण. पिवळ्या खुणांच्या वाटांवर यंत्र फिरवून बर्फ सारखा केलेला नसतो. पहिल्या दोन दिवसांत तिकडे जाऊ नकोस. पण रंगावरून कळतो तो उताराचा तीव्रपणा. त्या घटकेला बर्फ कसा आहे ते कळत नाही. दिवाडी बेटावर तुझे मामा मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, जाळे लावायचे ते आठव. ओहोटी लागली की तिथे मासाच मासा, आणि दोन तासांनी त्याच जागी रिकामे जाळे. उताराचेही तसेच असते. रात्री कडक गोठलेला बर्फ ऊन लागले की सैलावतो, स्कीची धार धरतो. आणखी ऊन झाले की ओला, जड होतो आणि गुडघ्यांवर येतो. म्हणून सकाळी पूर्वेकडे तोंड असलेले उतार घ्यायचे आणि उन्हाबरोबर सरकत राहायचे. उत्तरेकडच्या उतारांवर ऊन कमी, तिथे बर्फ कितीतरी दिवस कोरडा, भुसभुशीत राहतो. रोज रात्री नकाशा घेऊन बस आणि प्रत्येक उताराचे तोंड कुठे आहे ते बघ.

पहिल्या सकाळी गोर्नरग्राटची दात्यांच्या रुळांची गाडी पकड. 1898 पासून विजेवर चालते ती. साधारण अर्ध्या तासात 3,089 मीटरवर पोचशील. लवकरची गाडी घेतलीस तर यंत्राने रात्री आखलेल्या बारीक रेघा तशाच असतील, त्यांच्यावर पहिली वळणे तुझी. समोर 4,478 मीटरचा मॅटरहॉर्न. रीफेलबर्गपर्यंतच्या त्या निळ्या-लाल उतारांवर मी पहिल्यांदा न घाबरता खाली आलो. खाली थांबलो तेव्हा डोळ्यांत पाणी होते, आणि ते थंडीचे नव्हते.

बारा ते दीडच्या दरम्यान लोक जेवायला बसतात. तेवढ्या वेळात सुनेगाच्या बाजूचे गजबजलेले उतार मोकळे मिळतात. तू नंतर जेव, जमल्यास फिंडेल्नच्या जुन्या लाकडी घरांमध्ये.

धुके आले किंवा आभाळ भरले, तर वर जाऊच नकोस. सगळीकडे पांढरेच पांढरे, समोरचा खड्डासुद्धा दिसत नाही. अशा दिवशी फुरीकडे उतरणाऱ्या वाटा घे. तिथे लार्चची झाडे आहेत, आणि झाडांच्या काळ्या खोडांमुळे उतार कळतो. वारा सुटला की वरच्या लिफ्ट बंद होतात, तेव्हाही हीच बाजू.

मोकळ्या आभाळाचा एक पूर्ण दिवस मात्र क्लाइन मॅटरहॉर्न या दुसऱ्या शिखरासाठी राख. 3,883 मीटरवरून गावापर्यंत सुमारे 25 किलोमीटर उतरत येता येते. वर हवा विरळ आहे, सावकाश घे. खाली हिमनदी आहे आणि तिला भेगा आहेत, म्हणून आखलेल्या वाटेच्या खांबांबाहेर एक पाऊलही टाकायचे नाही.

तिथूनच पलीकडे इटलीत चेर्विनियाला उतरता येते. ते उतार रुंद आणि उदार, तुला फार आवडतील. पण परतीची शेवटची लिफ्ट! पहिल्या हिवाळ्यात माझी ती चुकली. जुन्या गोव्याहून दिवाडीची शेवटची फेरीबोट चुकली तर पलीकडचे दिवे तरी दिसतात. इथे मध्ये आख्खा डोंगर. रस्त्याने वळसा घालून, कितीतरी तासांनी, महिन्याची शिल्लक टॅक्सीला देऊन मी परतलो. सकाळी वेळ विचारून घे आणि तासभर आधी माघारी फीर.

रोज संध्याकाळी 5 वाजता दावोसच्या हिमसंशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा अंदाज येतो, तो न चुकता वाच. धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी 3 ही मधली, म्हणून ठीक असेल असे समजू नकोस. हिमस्खलनात जाणारे साधारण निम्मे जीव त्याच पायरीच्या दिवशी जातात. दोरी लावून बंद केलेला उतार कितीही मोहात पाडो, बंद म्हणजे बंद. वहिनींना मी शब्द दिला आहे, म्हणून हे इतके ठासून लिहितो.

हातमोज्यांचे दोन जोड ने, एक भिजतोच. आणि रीफेलबर्गच्या वरच्या वळणावर एक मिनिट थांब. तिथे बर्फ अजून तसाच करकर वाजतो का, तेवढे मला कळव.

तुझा,
उल्हास