लिंबाच्या शाईमागचे विज्ञान

संपादक महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या विज्ञान प्रदर्शनांत लिंबाची अदृश्य शाई हमखास असते, पण अक्षरे तापवण्याआधीच ओळखू येतात. निव्वळ रस सुकल्यावर चकाकतो, टाकाचे टोक कागद ओरखडते. रसात तेवढेच पाणी घालावे, काडीला कापूस गुंडाळून लिहावे, पूर्ण वाळू द्यावे, मग गरम इस्त्री फिरवावी. आम्लाने कमकुवत झालेला भाग आधी करपतो. मेणबत्ती नकोच, कागद पेटतो.

मुलांना यामागचा इतिहासही सांगायला हवा. जर्मन हेर कार्ल म्युलरच्या खटल्यात लिंबूच पुरावा ठरले. १९१५ मध्ये लंडनच्या टॉवर या जुन्या किल्ल्यात त्याला गोळ्या घातल्या. पुढे आयोडीनची वाफ दिल्यावर लेखणीच्या ओल्या टोकाने विस्कटलेले कागदाचे तंतूही उमटू लागले. साध्या पाण्याने लिहिलेलेही लपेना.

– एक विज्ञान शिक्षक, शहापूर, बेळगाव