चिऊच्या आंघोळीबद्दल

प्रिय मनू,

काल फोन तू ठेवलास की आपोआप कट झाला, कळलं नाही. मी पुन्हा लावला नाही. आपण दोघंही बोलता बोलता चढतो, मग तुझी आई मध्ये पडते आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. म्हणून लिहितोय.

तू म्हणालीस, "बेल वाजली म्हणून दारापर्यंत गेले, चिऊ टबात तिच्या खुर्चीत नीट बसली होती, काहीही झालं नाही." काही झालं नाही हे खरं, आणि तू दमलेली आहेस हेही खरं. पण मला रात्रभर झोप नाही. टबातली ती खुर्ची बाळाला बसायला आधार देते, बुडण्यापासून वाचवत नाही. खालचे रबरी कप सुटले की ती कलंडते आणि मूल तिच्यात अडकूनच पाण्यात तोंडावर पडतं. त्यासाठी दोन इंच पाणीही पुरतं. बुडणारं मूल ओरडत नाही, गं. दारात उभं राहून तुला काहीही ऐकू आलं नसतं.

बस, एवढंच. आता यावर बोलणार नाही.

तू खरं तर विचारलं होतंस की कालपरवापर्यंत टबात खिदळणारी पोर आता पाणी बघूनच कमान का टाकते. वर्षाच्या आसपास बऱ्याच मुलांचं असं होतं. चिऊला नुकतं उभं राहता यायला लागलंय. आता तिला कुणी मागे कलतं केलं की पडल्यासारखं वाटतं. शिवाय तिला स्वतःची मर्जी फुटली आहे. तेव्हा तिला आडवी करूच नकोस, बसवूनच घाल आंघोळ. आधी पाय पाण्यात, मग हळूहळू बाकीची. तुझा एक हात तिच्या पाठीमागून जाऊन पलीकडच्या दंडाला काखेजवळ धरेल, आणि दुसऱ्या हाताने धुवायचं. परवाच्या व्हिडिओत तू तिला अगदी अशीच धरली होतीस. मी तो तुझ्या आईला दोनदा दाखवला. इतकी सफाई तुला कुणी शिकवली नव्हती.

वेळ बदलून बघ. संध्याकाळी ती झोपेला आलेली असते, तुझाही दिवस संपलेला असतो. भुकेली नको, आणि नुकतं पोट भरलेलंही नको. रोज टबात बसवलंच पाहिजे असंही नाही. पहिल्या वर्षात आठवड्यातून दोन-तीनदा पुरे होतं. उलट रोजच्या साबणाने कातडी कोरडी पडते. एरवी तोंड, मानेच्या वळ्या, हात आणि लंगोटाची जागा ओल्या फडक्याने पुसलीस की झालं. ज्या दिवशी ती टाहो फोडेल त्या दिवशी पुसून मोकळी हो. त्यात हरण्यासारखं काही नाही.

साबण शेवटी लाव. ती साबणाच्या पाण्यात बसून राहिली तर त्वचा चुरचुरते, आणि साबण लागलेलं पोर हातात ठरत नाही. टबात उभी राहिली की दरवेळी शांतपणे "बसायचं" म्हणून खाली बसव. तळाला रबरी चटई आहे ना? तीनदा बसवूनही ऐकलं नाही तर सरळ उचल, आंघोळ संपली. रागावू नकोस, पण पुन्हा टबात ठेवूही नकोस.

केसांचं मात्र तिने तुझंच उचललंय. तुझ्या डोक्यावर तांब्या आणला की शेजारच्या माई धावत यायच्या. शेवटी मी न्हाणीघराच्या छताला कागदाचा चांदोबा चिकटवला. "चांदोबा कुठाय?" म्हटलं की तू मान वर करायचीस, मी कपाळावर आडवा हात धरून मागून पाणी सोडायचो, डोळ्यांत थेंब जायचा नाही. वाफेने तो कागद सारखा गळून पडायचा आणि तू मलाच सांगायचीस, "बाबा, पलला." मग दादाने प्लॅस्टिकचा आणला, तर तो तुला मुळीच पटला नाही. तुला स्वतःच्या पोटावर कपाने पाणी ओतू दिलं की तू अर्धी आंघोळ विसरून जायचीस. चिऊलाही एक कप दे. आपल्या हाताने ओतलेल्या पाण्याची भीती वाटत नाही.

पाणी आधी थंड घे, मग गरम मिसळ, हाताने नीट ढवळ आणि कोपराने बघ. थर्मामीटर असेल तर ३७-३८ अंश. ती आत असताना गरम नळ सोडायचाच नाही. गीझर ५० अंशांच्या खाली लावून ठेव. ६० अंशांचं पाणी इतक्या कोवळ्या कातडीला एखाद-दोन सेकंदांत भाजतं. बसल्यावर बेंबीच्या वर पाणी नको.

आणि टॉवेल, कपडे, लंगोट सगळं आधी हाताशी ठेव. फोन बाहेर. बेल वाजली तर वाजू दे. अगदीच जावं लागलं तर साबणासकट टॉवेलात गुंडाळ आणि तिला घेऊनच जा. "आरव, जरा बघ रे" असं म्हणू नकोस. तो सहा वर्षांचा आहे, त्याच्यावर ते ओझं नको. आंघोळ झाली की टब लगेच रिकामा, बादलीही पालथी. सुधामावशीकडच्या त्या दुपारनंतर मला भरलेली बादली बघवत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

बघ, पुन्हा तिथेच आलो. भाषण द्यायचं नाही असं ठरवून बसलो होतो. रागावू नकोस, मनू. दिवसभर काम करून, रात्री तीनदा उठून तू त्या पोरीला ज्या मायेने वाढवते आहेस, ते मी बघतो. तुझ्या काळजी घेण्यावर माझा संशय नाही. पण काळजी घेणारी आईसुद्धा दोन मिनिटांसाठी उठते, म्हणून लिहितोय. तू घरात एकटी असशील आणि उठून जावंसं वाटलं तर आधी तिला उचल. बाकीचं सगळं विसरलीस तरी चालेल.

आंघोळ संपत आली की तिला आधी सांगत जा, एकदम उपसून काढू नकोस. निम्मं रडणं तेवढ्याने थांबेल. पाणी सोडायचं ते ती बाहेर आल्यावर, गुडगुड आवाजाला मुलं घाबरतात. टॉवेल डोक्यावरून घे. कानात काडी घालायची नाही.

मुकुंदलाही हे वाचायला दे, म्हणजे ज्या दिवशी तो आंघोळ घालेल त्या दिवशी त्याला वेगळं सांगावं लागणार नाही. शनिवारी आम्ही दोघं येतोय. त्या दिवशीची आंघोळ माझ्याकडे, तू झोप काढ.

तुझे बाबा

ता.क. तिच्या त्या रबरी बदकात पाणी साठतं. दरवेळी पिळून वाळत ठेव. आतून काळं पडलं असेल तर टाकून दे, ती तोंडात घालते.